हरणमाळाची माती चोरीस गेली त्याची हकीकत

॥ श्री ॥ गजवदन प्रसन्न, धरित्री प्रसन्न, आणि ऐकणारे जागे असतील तर तेही प्रसन्न. शके सोळाशें एकेचाळीस, विकारी नाम संवत्सरीं, घाटमाथ्याचे पूर्वेस एक राज्य होतें. राज्याचें नांव लिहावयाचें नाहीं, कारण त्या वंशींचे लोक अद्याप नांदतात आणि त्यांस राग लवकर येतो. राज्य लहान, पण मान मोठा; किल्ला एक, तळें एक, हत्ती एक, आणि मानकरी मात्र मोजतां येऊं नयेत इतके. त्या राज्याचे दरबारीं एक शब्द वर्ज्य होता. तो ऐसा जे, विद्यमान महाराजांचे आजोबा यांस भाऊबंदांनीं भर दरबारीं गादीवरून उठविलें, आणि ते दहा दिशा हिंडून, नाना खटपटी करून पुन्हा गादीवर बसले, आणि बसतांच पहिली आज्ञा केली कीं, "उठणें हा शब्द आमचे दरबारीं पुन्हा कोणीं काढूं नये, जो काढील त्याची जागा त्याच क्षणीं गेली." मग काय, राजा बोले आणि दळ हाले. जशी बांगडी फुटली न म्हणतां वाढली म्हणावें, नारळ फोडला न म्हणतां वाढविला म्हणावें, तसें महाराज उभे राहिले कीं "सरकारची बैठक वाढली" म्हणावें, ऐसी किल्ल्यावर चाल पडली. सभा वाढे, बाजार वाढे, आजारी मनुष्य अंथरुणांतून वाढे. एकदां परमुलखींचा वकील जेवावयास आला, त्याचें जेवण होतांच कारभारी अदबीनें म्हणाले, "आतां पंगत वाढवावी." वाढपी नवे होते, त्यांनीं शब्द सरळ घेतला आणि पुरणपोळ्यांचीं ताटें पुन्हा आणिलीं, वकील भिडेचा माणूस, त्यानें त्याही खाल्ल्या, आणि मग त्यास पालखींत आडवा घालून न्यावें लागलें. येथवर हंसण्यावारी गेलें.

त्या राज्याचे उत्तरेस हरणमाळ म्हणून थोर पठार. तेथील माती तांबूस, हातभर खोल असेल नसेल, खालीं मुरूम आणि त्याखालीं खडक. परंतु तेवढ्या मातींत पवन्या आणि मारवेल ऐसें गवत माजे कीं भाद्रपदांत त्यांत मनुष्य बसला तर दिसूं नये. दसऱ्यानंतर तें कापावें, गंजी घालाव्या आणि सरकारच्या पागेचे घोडे वर्षभर त्यावर पोसावे, ऐसी वहिवाट. त्या कुरणाचे हवालदार सुभानजी ढोणे. मनुष्य किडकिडीत, इमानी, आणि चौकशा फार. हातीं वेळूची काठी असे, आणि जें दिसेल त्यांत ती खुपसून पाहावी ही त्यांची खोड. वारुळांत खुपसली, गवताचे गंजींत खुपसली, आणि एकदां दिवाणजींनीं काढून ठेविलेल्या पगडींतही खुपसली, कारण आंत कांहीं हललेंसें वाटलें. "हें ऐसें कां" हा प्रश्न तोंडीं सदोदित. त्यांची बायको म्हणे, "ह्यांस्नी देवानं तोंड जेवाया न्हाई, पुसाया दिलंया." पोटीं मूल नव्हतें. गवतावरून हात फिरवीत चालत, तें गुराख्यांनीं पाहिलें होतें आणि मागें हंसले होते, पण सुभानजींस त्याची पर्वा नव्हती, कारण त्या माळावर त्यांचा जीव होता आणि जीव असला म्हणजे मनुष्यास लाज राहत नाहीं.

त्या सालीं महाराजांची स्वारी शिकारीस निघाली आणि वाटेंत एका शेतीं जोंधळा ऐसा उभा पाहिला कीं घोड्यावरून कणसें हातीं यावीं. महाराज मनाचे निर्मळ, पण नवलाईचा सोस दांडगा, त्यांनीं कुणब्यास पुसलें, "हें पीक कशानें?" तो म्हणाला, "म्हेंढरं बसवली व्हती, सरकार." म्हणजे काय तें महाराजांस ठाऊक नव्हतें, मग लोकांनीं सांगितलें कीं, धनगरांचे कळप मोकळ्या रानांत दोन-चार रात्री बसवितात, त्यांच्या लेंड्या आणि मूत जमिनींत मुरतें, धनी त्यांस धान्य देतो आणि कळप पुढें जातो. महाराजांनीं पुढचें ऐकिलें नाहीं. तोंवर त्यांचें मन हरणमाळावर पोंचलें होतें. दरबार भरवून बोलिले, "शेतास इतका गुण, तर माळास किती येईल? गवत हत्तीच्या पाठीला लागेल. मेंढरें माळावर बसवा." दिवाण अंताजीपंत जाणते होते, त्यांस रीत ठाऊक होती कीं मेंढरें बसविलीं तशीं उठविलींही पाहिजेत, पण तो शब्द तोंडीं घेतां येईना, म्हणून दरबारी बोलींत म्हणाले, "उत्तम. मेंढरें बसवावीं, आणि योग्य समयीं त्यांची बैठक वाढवावी." सुभानजी वर्षांतून एकदां मुजऱ्यापुरते दरबारीं येत आणि दाराशींच उभे राहून परत जात, त्यांस ही बोली अवगत नव्हती. त्यांस वाटलें, मेंढरें बसवावीं आणि बसणें वाढवीत न्यावें. मनांत आलें कीं विचारावें, हें ऐसें कां, ओठापर्यंत आलेंही, पण दिवाणजींनीं पगडीचा राग अद्याप धरिला होता, त्यांनीं ऐसें पाहिलें कीं सुभानजींनीं "जी" म्हणून मान लवविली. उभ्या जन्मांत तेवढा एकच प्रश्न त्यांनीं गिळला.

मग सुभानजी धनगरांच्या तळावर गेले. त्या तळाची कारभारीण म्हाकुबाई, वयानें साठीच्या पुढें, कपाळीं भंडाऱ्याचा मळवट, हातांत चकती फिरवून लोंकर कांतीत बसलेली. तिचा मुलगा बिरू कर्ता होता, पण शब्द तिचा. तिनें सगळें ऐकून घेतलें आणि पुसलें, "बसायचं किती दिस?"

"बैठक वाढवीत जायची, ऐसा हुकूम आहे."

"आन वाढवून झाल्यावर?"

"पुन्हा वाढवायची."

म्हाकुबाई हंसली आणि म्हणाली, "शेतावर दोन रात्री बसलो तर तिसऱ्या सकाळी धनी काठी घिऊन हुबा ऱ्हातोय. हे तुमचं सरकार न्यारंच दिसतंय. पर खरं सांगू का, गुडघं गेल्यात माजं. कोकणात उतरायचं, पुन्यांदा चढायचं, जलम गेला चालण्यात. बसाया मिळतंया तर बसू. फकस्त येक करा, हवालदार. उद्या काय इपरीत झालं तर माज्या मानसांवर घालू नगा." सुभानजींनीं तळहातावर बेल-भंडार घेतला आणि खंडेरायाची आण वाहिली कीं, "तुम्ही आमच्या शब्दानें बसतां. तुमच्या केसासही धक्का लागला तर तो मजवर." म्हाकुबाईनें त्यांतला भंडारा उचलून त्यांच्याही कपाळीं लाविला, आणि कळप माळावर चढले.

पहिले वर्षीं खरोखरच नवल जाहलें. गवत काळेंभोर हिरवें आलें, महाराज संतोषले, आणि आज्ञा केली कीं, पागेचे घोडेही तेथेंच मोकळे सोडावे. तें पाहून मानकऱ्यांनीं आपल्या गाई पाठविल्या, म्हशी पाठविल्या, कोणाच्या सासऱ्याच्या शेळ्या आल्या, कोणाचे मेहुण्याचे बैल आले. चरावयास कुरण मिळाल्यावर मागें कोण राहतो. दुसरे वर्षीं गवत गुडघ्याखालीं राहिलें. जनावरांनीं पवन्या वेंचून खाल्ला, मग मारवेल खाल्ला, आणि बीं धरावयास एक काडी ठेविली नाहीं; त्या जागीं कुसळ आली, जी मेंढरांच्या लोंकरींत शिरे आणि कातडीस टोंची. तिसरे वर्षीं कुसळही खाऊन झाली आणि शेळ्यांनीं खुरांनीं उकरून मुळें काढिलीं. इतक्या खुरांनीं जमीन ऐसी चोपली कीं मळणीचें खळें जसें. शेणलेंड्या पडत, पण त्या मुरावयास जागा नव्हती; उन्हांत वाळत आणि पावसाबरोबर वाहून जात. सुभानजी काठी टोंचीत हिंडत आणि काठी उडून वर येई. त्यांनीं किल्ल्यावर वर्दी दिली कीं, गवत कमी जाहलें. उत्तर आलें कीं, बैठक वाढवावी. दिवाणजींस म्हणावयाचें होतें एक आणि सुभानजी समजले दुसरें, आणि त्यांनीं धनगरांस सांगितलें कीं, अजून बसा. चौथे वर्षीं माळ मधोमध मुरूम दाखवूं लागला, आणि पागेच्या घोड्यांच्या बरगड्या दुरून मोजतां येऊं लागल्या.

याच सुमारास माळावर चमत्कार जाहला. सरकारचा तो एकुलता हत्ती रामप्रसाद मेंढरें चढण्याआधींच निवर्तला होता आणि त्यास हरणमाळावर पुरून सभोंवतीं बाभळीच्या काट्यांचें भरभक्कम कुंपण घातलें होतें, जेणेंकरून कोणतेंही जनावर आंत पाय ठेवूं नये. लोकांनीं पाहिलें कीं, ती जागा वर्षानुवर्षें उंच होत आहे. प्रथम बोटभर, मग वीतभर, मग ओट्याएवढी. हांहां म्हणतां बोभाटा झाला कीं रामप्रसाद भूमींतून येत आहे. उठतो म्हणणें वर्ज्य, म्हणून किल्ल्यावरचे लोक म्हणत, "हत्ती वाढतो आहे." नवस चालले, नारळ आले, एक पुजारी आपोआप उगवला. शके सोळाशें पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सरीं, श्रावणमासीं महाराज दर्शनास आले. हत्तीपुढें नारळ ठेविला, आणि मग मान वर करून चहूंकडे पाहिलें, तों चार वर्षांपूर्वीं घोड्याच्या पोटास लागणारें गवत नाहीं, गवताखालची माती नाहीं, नुसता मुरूम आणि त्यांत लेंड्या. महाराजांनीं पुसलें, "येथें माती होती, ती कोठें गेली?" उत्तर कोणापाशीं नव्हतें, आणि दरबारीं उत्तर नसणें हा गुन्हा, म्हणून दिवाणजी म्हणाले, "चोरीस गेली, सरकार. माळावर राहणारे हेच धनगर. घोंगड्यांत बांधून रोज थोडी थोडी नेली असावी." तत्काळ बिरूस बेडी घालून किल्ल्यावर चढविलें, आणि हुकूम झाला कीं, सुभानजींनीं दसऱ्याआंत चोरीचा तपास लावावा, न लागल्यास मेंढरें सरकारजमा, माणसें सरहद्दीपार, आणि बिरू बेडींतच राहील. म्हाकुबाई कोणाच्या पायां पडली नाहीं. सुभानजींसमोर येऊन उभी राहिली आणि त्यांच्या कपाळाकडे पाहत राहिली, जेथें तिनें भंडारा लाविला होता.

त्या मुलखीं चोरीचा न्याय ऐसा जे, चोराचा माग ज्या गांवच्या शिवेंत शिरेल त्या गांवानें एक तर चोर द्यावा, नाहीं तर माग आपल्या शिवेबाहेर गेला हें दाखवावें. आणि माग जेथें मुरला त्या धन्यानें भरपाई करावी. म्हणून सुभानजींनीं कोंडू पागी यास बरोबर घेतलें, जो पावलांवरून चोर काढण्यांत नामांकित होता. कोंडूनें माळ पालथा घातला आणि कपाळावर हात मारिला. म्हणाला, "हवालदार, हितं हजार जनावरांची खुरं हायती आन माणसाचं पाऊल धड येक न्हाई. पाय नसल्याल्या चोराचा माग म्या कधी काढला न्हाई." इतकें बोलून तो तंबाखू मळीत बसला आणि पुढें दिवसभर तेंच करीत राहिला. सुभानजी हत्तीच्या कुंपणाशीं गेले. उपाय नव्हता, म्हणून खोडीवर गेले; कुंपणांतून काठी आंत घातली आणि टोंचली, तों ती ऐसी खोल गेली कीं त्यांचा तोल गेला. बाहेर टोंचली, उडाली. आंत गवत कमरेइतकें, मुळांचें जाळें, गांडुळांची माती, ओल. बाहेर तास दोन तासांपूर्वीं सर पडून गेली असतांही कोरडें ठाक. मग त्यांनीं कुंपणाचे कडेस पोटावर निजून डोळा जमिनीस लाविला, आणि आंतली जमीन व बाहेरची जमीन यांची कड पाहिली. बराच वेळ निजून राहिले. पुजाऱ्यास वाटलें, भक्त दंडवत घालितो आहे. सुभानजी एकदम म्हणाले, "हत्ती जागचा हालला नाहीं. माळ खालीं बसला."

मग त्यांस विलक्षण तळमळ लागली, जशी शिकाऱ्यास लागते. पाण्याचा तांब्या आणविला आणि अर्धा आंत ओतला. माती पाणी प्याली आणि गप्प राहिली. अर्धा बाहेर ओतला. पाणी क्षणभर थबकलें, मग तांबडें होऊन उताराला धावलें. सुभानजींनीं कोंडूस हांक मारून तें दाखविलें आणि म्हणाले, "हे तुझे पाय." कोंडूनें तंबाखू टाकली आणि दोघेही त्या तांबड्या ओघळामागें निघाले. ओघळ घळींत, घळ ओढ्यांत. ओढा भोंसें गांवच्या शिवेंत शिरला, तेथील पाटलानें तांबडें पाणी शिवेबाहेर जातें हें दाखवून हात झटकले. पुढें वडजल गांव. तेथील पाटील चांगोजी याचीं वांगीं त्या वर्षीं नारळाएवढीं आलीं होतीं आणि तो सुभानजींस पाहतांच घामाघूम झाला. त्यानें ओढ्यास दगडांची ताल घालून गाळ अडविला होता. म्हणाला, "आली व्हती माती, न्हाई म्हणत न्हाई. चार दिस पाव्हनी ऱ्हायली. बाकीची म्होरं गेली, ही बघा." आणि खरोखर ओढा तैसाच तांबडा पुढें गेला होता. सुभानजींनीं त्यास अभय दिलें, त्याचें वांगें खाल्लें, काठी गाळांत खुपसून पाहिली आणि वास घेतला. हरणमाळाचा वास त्यांस ओळखूं आला आणि डोळ्यांस पाणी आलें. तेथून माग नदीस, नदीवरून सरकारी पाटानें निघाला, आणि किल्ल्याच्या पायथ्याशीं जें एकच तळें, ज्यांत महाराज नावेंत बसून गाणें ऐकत, त्यांत मुरला. तळ्यांत पाणी वीतभर. नाव चिखलांत रुतून कलली होती आणि तिचे नाकावर बगळा बसला होता. दोन वर्षें महाराजांस सांगण्यांत येत होतें कीं, ज्योतिष्यांनीं जलविहार वर्ज्य सांगितला आहे.

आतां सुभानजींस चोराचें घर ठाऊक झालें आणि भय वाटलें, कारण न्यायानें भरपाई महाराजांकडे येत होती, आणि महाराजांकडे आलेली भरपाई कोणाच्या अंगावर ढकलली जाते हें पोरासही ठाऊक. दसऱ्याचे दोन दिवस आधीं म्हाकुबाई किल्ल्याच्या दरवाजाशीं भेटली. लेकास भाकरी द्यावयास आली होती. सुभानजींनीं तिला पुसलें, "शेतावरून तुम्ही दोन-चार रात्रींत निघतां, तें कां? तुम्हांस ठाऊक असतें काय, कीं जास्त राहिलों तर जमीन मरेल?"

ती म्हणाली, "कशाचं ठावं? धनी हाकलतो म्हनून निघतो. त्याला पेरनी करायची असती. न्हाई हाकललं तर आमीबी बसलो असतोच की. बसलोच न्हवं?" मग म्हणाली, "म्हेंढरं रोडावली तवाच समजाया पायजे व्हतं मला. पर पाय सुखावलं व्हतं. आता ते सुख माज्या लेकाच्या पायात हाय."

दसऱ्याचा दरबार भरला. बिरूस बेडीसह उभें केलें. सुभानजींनीं मुजरा करून सर्व माग सांगितला, तळें शेवटास सांगितलें. दिवाणजींनीं ओळखलें कीं पाणी कोणाकडे वळतें आहे, आणि त्यांनीं तें दुसरीकडे वळविण्यास पुसलें, "हवालदार, मूळ हुकूम काय होता?"

"मेंढरें बसवावीं, आणि बैठक वाढवावी."

"मग वाढविली कां नाहीं?"

"वाढविली कीं. चार वर्षें वाढवीतच आहें."

"अहो, वाढवावी म्हणजे तशी वाढवावी नव्हे. वाढवावी म्हणजे..." आणि दिवाणजी थांबले. त्यांनीं तळहात वर केला, तर एका मानकऱ्यास वाटलें विडा मागतात, त्यानें विडा दिला. महाराज म्हणाले, "म्हणजे काय, अंताजीपंत?"

"म्हणजे, सरकार, बसण्याचें जें उलट, तें."

"निजणें?"

"निजण्याचेंही उलट, सरकार."

"जागणें?" महाराज हें थट्टेनें म्हणत नव्हते, जन्मापासून तो शब्द त्यांच्या कानीं पडला नव्हता आणि त्यांस खरेंच कळेना. सभेंत दोनशें माणसांच्या जिभेवर तो शब्द आला आणि दोनशें माणसांनीं तो परत गिळला, कारण प्रत्येकापाशीं एक जागा होती. सुभानजी दाराशीं उभे होते आणि त्यांस तेव्हां प्रथम समजलें कीं, चार वर्षांपूर्वीं काय म्हटलें गेलें आणि आपण काय ऐकिलें. एक प्रश्न विचारला असता, फसकन् कोणी हंसलें असतें, आणि माळ राहिला असता. हवालदारीवांचून त्यांस दुसरें कांहीं नव्हतें. ती गेली तर माळावर हुकमानें पाऊल ठेवतां येणार नाहीं हेंही कळत होतें. त्यांनीं बिरूच्या घोट्यांकडे पाहिलें, जेथें बेडीनें कातडें सोललें होतें, आणि पुढें येऊन स्वच्छ म्हणाले, "उठवा. सरकार, तो शब्द उठवा ऐसा आहे. मेंढरें बसविलीं म्हणजे उठवावीं लागतात. गुरें उठवावीं लागतात, घोडे उठवावे लागतात. गवत खाल्लें म्हणजे त्यास पुन्हा येण्यास उसंत द्यावी लागते. गवत नसेल तर मातीस धरून ठेवणारें कोणी नाहीं, आणि पाऊस तिला नेतो. धनगरांनीं कांहीं नेलें नाहीं. त्यांस आम्हीं बसविलें आणि कोणीं उठविलें नाहीं."

महाराजांनीं तो शब्द तोंडांत घोळवून पाहिला, जसें लहान मूल नवें फळ चाखतें, आणि मग गादीवर हात टेंकून म्हणाले, "तर मग आम्ही उठतों." आणि उठले, आणि अनवाणी तळ्यावर गेले, सगळा दरबार मागोमाग. महाराज चिखलांत मांडीपर्यंत उतरले, मूठभर गाळ उचलला, बोटांनीं कुसकरला आणि सुभानजींस पुसलें, "हेंच हरणमाळ?" सुभानजी म्हणाले, "होय, सरकार." महाराज म्हणाले, "माग आमच्या घरीं मुरला. भरपाई आमची. त्या पोराची बेडी काढा."

पुढें दिवाणजींपुढें मोठा पेंच पडला, कारण वर्ज्य शब्द दोघांनीं उच्चारिला होता, आणि आजोबांच्या आज्ञेंत सूट नव्हती. मग शास्त्रार्थ होऊन ऐसें ठरलें कीं, सरकारांनीं कांहीं उच्चारिलें नाहीं, सरकारांस ठसका लागला. सुभानजींस मात्र ठसका लागण्याइतका मान नव्हता, म्हणून त्यांची हवालदारी त्याच दिवशीं काढून दिवाणजींच्या भाच्यास दिली. महाराज त्या वेळीं दुसरीकडे पाहत होते. भरपाई म्हणून तळ्यांतील गाळ गाढवांवर लादून माळावर नेला आणि पसरला, आणि पुढल्या पावसानें तो जसाच्या तसा परत तळ्यांत आणून टाकिला. तेव्हां सर्वांस पटलें कीं, गवत आल्यावांचून माती घरीं नांदत नाहीं. मग माळ बंद केला. मानकऱ्यांच्या म्हशी काढतां काढतां मेंढरांपेक्षां जास्त दिवस लागले, पण निघाल्या. गवत धरूं लागल्यावर धनगरांचे कळप वर्षांतून दोनदां येत, दोन रात्री बसत आणि पुढें जात. हत्तीची जागा हळूहळू वाढावयाची थांबली आणि पुजारी दुसरा देव पाहावयास गेला.

सुभानजी माळाच्या पायथ्याशीं झोंपडें बांधून राहिले. नव्या हवालदारास गवताची पारख नव्हती, त्यानें त्यांस हिंडूं दिलें, आणि ते काठी टोंचीत हिंडले. प्रथम कुसळ आली, मग बऱ्याच वर्षांनीं एका ओघळींत मारवेलाचें एक ठोंब दिसलें, तें त्यांनीं बायकोस हात धरून नेऊन दाखविलें. म्हाकुबाई येतां-जातां त्यांस ताक देई. एका कार्तिकांत तिचा कळप चढला, तेव्हां सुभानजी उकिडवे बसून कांहीं पाहत होते. ती म्हणाली, "काय घावलं?" त्यांनीं काठी दाखविली. जेथें पूर्वीं उडत होती तेथें ती पेरभर शिरून उभी राहिली होती.

"येवढीच?" म्हाकुबाई म्हणाली.

"येवढीच," सुभानजी म्हणाले. "पण शिरली."

म्हाकुबाईचे गुडघे त्या वर्षीं फार दुखत होते आणि ती डोंगर चढून दमली होती. तिनें त्या पेरभर मातीकडे पाहिलें, मग पायांतल्या वहाणा काढून हातीं घेतल्या, आणि टेंकावयास जागा असतांही उभीच राहिली.

एवंच, बिरू सुटला, मेंढरें चालतीं झालीं, आणि त्या दरबारीं तो शब्द आजमितीसही वर्ज्य आहे. हरणमाळाची हातभर माती जावयास चार पावसाळे पुरले. सुभानजी शके सोळाशें त्रेसष्टीं वारले तेव्हां ती चार बोटें भरली होती, आणि बाकीची अद्याप येत आहे.